प्लॅस्टिक ग्लू: पहिलं मॉडेल, दोन बाटल्या आणि बरेच प्रश्न

नवखा_सुतार

मंडळी, प्लॅस्टिकची मॉडेलं जोडायच्या या छंदात अगदीच नवा आहे. टेबलावर सध्या २८ मिमी सैनिकांचा एक संच आणि १/७२ स्केलचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) एक विमान आहे. ग्लूच्या बाटल्या दोन: टामियाची हिरव्या टोपणाची एक्स्ट्रा थिन आणि रेव्हेलची सुईवाली काँटॅक्टा. शिवाय घरात सुपरग्लूची नळी असतेच.

एका सैनिकाचा हात सुपरग्लूने बसवला होता. रंगवताना ब्रशचा जरासा धक्का लागला आणि हात टेबलाखाली. सापडला, पण आता वाचायला बसलो तर जितकी तोंडं तितकी मतं. कुणी म्हणतं प्लॅस्टिकला प्लॅस्टिक ग्लूच हवा. कुणी म्हणतं सुपरग्लूने दहा सेकंदांत काम होतं, नसत्या भानगडी कशाला.

विचारायचं ते असं. पातळ आणि जाड दोन्ही लागतात का? एका व्हिडिओत माणूस आधी ग्लू लावतो आणि मग भाग जोडतो, दुसऱ्यात भाग जुळवून धरतो आणि मग ब्रश टेकवतो. बरोबर कुठलं? ग्लू किती लावायचा? आणि ते 'चोवीस तास हात लावू नका' खरंच पाळता का कुणी?

जुनी_कानस

स्वागत आहे. दोन्ही व्हिडिओ बरोबर आहेत. त्या दोघांच्या हातातल्या बाटल्या वेगळ्या असणार.

पातळ ग्लू: भाग आधी जुळवायचे, बोटांनी धरायचे आणि ओला ब्रश सांध्याच्या कडेला नुसता टेकवायचा. ग्लू आपोआप आत ओढला जातो. रेघेत तो पळताना दिसतो, पहिल्यांदा बघताना मजा वाटते.

जाड ग्लू: तो असा पळत नाही. म्हणून एका भागाच्या आतल्या कडेवर बारीक रेघ किंवा ठिपका द्यायचा, एक-दोन क्षण थांबायचं आणि भाग दाबून बसवायचे.

पातळ ग्लू उघड्या कडेवर फासून मग भाग जोडायला गेलात तर भाग भेटेपर्यंत अर्धा उडून गेलेला असतो. नवे लोक मग 'हा ग्लू धरत नाही' अशी तक्रार करतात.

एकपंखी

चोवीस तास कुणी पाळत नाही. पाळायला हवेत हे सगळ्यांना माहीत असतं.

द्रावक

कानसकाकांनी कसं करायचं ते सांगितलं, मी त्यामागचं कारण सांगतो. ते कळलं की बरेचसे प्रश्न पडतच नाहीत.

किटमधलं राखाडी प्लॅस्टिक बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन असतं. प्लॅस्टिक ग्लू म्हणजे त्या पॉलिस्टायरीनला विरघळवणारा द्रावक. एक्स्ट्रा थिनमध्ये मुख्यतः ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट असतं. ते दोन्ही कडांवर पोचलं की वरचा पातळ थर मऊ होतो, दोन्हीकडच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकांत गुंततात, द्रावक उडून जातो आणि मागे एकसंध प्लॅस्टिक राहतं. दोन मेणबत्त्यांची तोंडं मऊ करून एकमेकांना टेकवावीत, तसलाच प्रकार. मध्ये वेगळ्या पदार्थाचा थर उरत नाही, म्हणून नीट झालेला सांधा आजूबाजूच्या प्लॅस्टिकइतकाच मजबूत असतो. जोर लावला तर कधी कधी शेजारचा भाग तुटतो, सांधा राहतो.

सुपरग्लूचं तसं नाही. तो सायनोॲक्रिलेट. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो आणि दोन भागांच्या मध्ये एक कडक, ठिसूळ पापुद्रा तयार करतो. सरळ ओढलं तर तो चांगला तग धरतो. आडवा धक्का किंवा पिळा बसला की कडकन सुटतो. सुतारभाऊंच्या सैनिकाचा हात गेला तो असाच.

आता दोन द्रावक कशाला? ॲसिटोन ५६ अंश सेल्सियसला उकळतं, ब्युटाइल ॲसिटेट १२६ अंशांच्या आसपास. ॲसिटोन झटकन चावतं आणि झटकन उडून जातं. ब्युटाइल ॲसिटेट मागे रेंगाळतं आणि सांध्याला मुरायला वेळ देतं. म्हणजे भाग मिनिटभरात धरतो, पण आतलं प्लॅस्टिक तेव्हा अजून मऊच असतं. चोवीस तासांचं गणित तिथून येतं.

नवखा_सुतार

द्रावक, हे कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे जास्त ग्लू लावला तर जास्त मजबूत, असं नाहीच?

द्रावक

उलट. जास्त लावला की जास्त खोलवर मऊ होतं, सुकायला जास्त वेळ लागतो आणि पातळ भाग वाकतो. सैनिकाच्या तलवारीसारख्या बारीक तुकड्याला थेंबभर जाड ग्लू पडला तर तो तुकडा आकारच सोडतो.

मृण्मयी_२८

मी फक्त २८ मिमीच्या मूर्ती करते, विमानांचं ज्ञान शून्य, म्हणून सैनिकांपुरतंच लिहिते.

सुतारभाऊ, ग्लूआधीची तयारी निम्मं काम करते. भाग फ्रेममधून, म्हणजे ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून, हाताने पिळून काढू नका. निपरने (छोट्या कापायच्या पकडीने) आधी भागापासून जरा लांब कापा, मग उरलेला बुंधा दुसऱ्यांदा जवळून कापा. एकदम जवळ कापलं तर प्लॅस्टिकवर ताण येऊन पांढरा डाग पडतो किंवा खड्डा निघतो. मग साच्याची रेघ, म्हणजे साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात ती बारीक उभी धार. कटरच्या पात्याची पाठ तिच्यावरून हलक्या हाताने ओढा, धार भुशासारखी निघते. हे सगळं जोडण्याआधी. हात छातीला चिकटला की काखेत पातं जात नाही.

मग बिनग्लूचं नुसतं बसवून बघा. खांद्याची खाच आणि हाताची गोळी एकमेकांत कुठल्या कोनात बसतात, बंदूक दोन्ही हातांत येते का, डोकं कुठे बघतंय. बंदूक धरलेल्या दोन्ही हातांच्या सैनिकाला हे फारच लागतं, कारण एक हात पक्का झाला की दुसऱ्याला पर्याय उरत नाही. मी अशा वेळी दोन्ही खांद्यांना सुईवाल्या बाटलीतून एकेक ठिपका देते, हात आणि बंदूक एकदमच लावते आणि ग्लू मऊ असेपर्यंत सगळं सरकवून जुळवते. सुपरग्लूत ही चैन मिळत नाही, तो बसला की बसला.

ठिपका किती? सुईच्या टोकाएवढा. दाबल्यावर सांध्यातून बारीकशी ओली रेघ बाहेर दिसली तर पुरे. ओघळ आला तर जास्त झालं.

रोबोवाला

मी गनप्लाकडून, म्हणजे गुंडम रोबोंच्या प्लॅस्टिक मॉडेलांकडून आलोय. १९८० पासून जपानची बांडाई कंपनी हे रोबो काढते आणि आताचे सगळे दाबून बसवायचे, ग्लूची सक्ती नाही. तरी आमच्यात ग्लू वापरतात, फक्त सांध्याची रेघ घालवायला. दोन्ही अर्ध्यांच्या कडांना ग्लू लावायचा, दाबायचं, मऊ प्लॅस्टिकची बारीक वरंबी बाहेर येऊ द्यायची, वाळू द्यायचं आणि मग घासून सपाट करायचं. रेघ गायब.

एक काम सगळ्यांनी करा: फ्रेमच्या कडेला बाणांच्या खुणांमध्ये प्लॅस्टिकचं नाव कोरलेलं असतं का बघा. पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन, निर्धास्त. एबीएस असेल तर साध्या ग्लूवर भरवसा ठेवू नका, टामियाचाच एबीएससाठी वेगळा ग्लू येतो. पीई म्हणजे पॉलिथिलीन, सांध्यात बसतात ते मऊ राखाडी तुकडे. त्यांना कुठलाच प्लॅस्टिक ग्लू धरत नाही आणि धरूही नये, कारण ते फिरायला हवेत.

चष्मिश

हे वाचून माझा प्रश्न. बोर्ड गेमच्या डब्यातल्या सैनिकांचा भाला तुटला, प्लॅस्टिक ग्लू लावला, दोन दिवस झाले, अजून तसाच. बाटली खराब का?

मृण्मयी_२८

बाटली ठणठणीत असणार. बोर्ड गेममधल्या मूर्ती बऱ्याचदा मऊ पीव्हीसीच्या असतात. नखाने भाला वाकवून बघा, वाकून परत आला तर तोच प्रकार. तिथे सुपरग्लू. रेझिन, थ्रीडी प्रिंट, धातूच्या मूर्ती, सगळीकडे सुपरग्लूच. प्लॅस्टिक ग्लू तिथे नुसता सुकून जातो. धातूच्या जड मूर्तीत दोन्ही भागांना भोक पाडून तारेचा तुकडा घालतात, मग सुपरग्लू.

शंका असली तर सोपी चाचणी: त्याच फ्रेमच्या रिकाम्या तुकड्यावर थेंब टाका, थोड्या वेळाने काडीने टोचा. पृष्ठभाग चिकट, मऊ झाला तर ग्लू काम करणार.

जुनी_कानस

विमानाकडे वळतो, कारण सुतारभाऊंना खरी अडचण तिथे येणार.

१/७२ च्या विमानाचा सांगाडा डाव्या-उजव्या दोन अर्ध्यांत येतो. ते दोन अर्धे लांब असतात आणि साच्यातून काढल्यावर किंचित वाकलेले असतात. नाक जुळवलं की शेपटी उघडते, शेपटी दाबली की पोट उघडतं. पूर्ण लांबी एका दमात चिकटवायला जाऊ नका.

नाकापासून सुरू करा. तिथली कडा नखाने चाचपून समपातळीत आणा, एक्स्ट्रा थिनचा ब्रश बाटलीच्या काठावर पुसून घ्या, सांध्यावर टेकवा. दोन-तीन सेंटिमीटर ओलं झालं की थांबा, धरून ठेवा. मनात तीस मोजा. मग पुढचे दोन-तीन सेंटिमीटर. असं करत शेपटीपर्यंत जायचं आणि मागे राहिलेल्या भागावर मास्किंग टेपचे आडवे पट्टे लावत जायचे. ग्लू मऊ असतानाच बोटांनी जरा जोरात दाबा. रोबोवाला म्हणतात ती वरंबी पूर्ण लांबीभर एकसारखी दिसली की समजा आत पोकळी राहिली नाही. जिथे वरंबी नाही तिथे खड्डा राहणार आणि तिथे लांबी (फटी भरायचा लगदा) भरावी लागणार.

आणि कळकळीची विनंती: टेप सांध्याच्या रेघेवर रेघेच्याच दिशेने लावू नका. ग्लू टेपखाली ओढला जातो, पसरतो आणि टेपच्या कडेचा ठसा प्लॅस्टिकवर उमटतो. बोटाचंही तेच. बोट सांध्याला टेकलेलं असताना ब्रश लावला तर ग्लू बोटाखाली शिरतो आणि आपला ठसा कायमचा छापला जातो. बोटं रेघेपासून दूर हवीत.

एकपंखी

माझ्या पहिल्या तीन विमानांची ओळख अंगठ्याच्या ठशावरून पटते.

नवखा_सुतार

ग्लू चुकून पंखावर, उघड्या जागी पडला तर? लगेच पुसायचा ना?

जुनी_कानस

अजिबात नाही! पुसलात की मऊ झालेलं प्लॅस्टिक फडक्याबरोबर ओढलं जातं आणि वर कापसाचे तंतू चिकटतात. हात मागे घ्या, तसंच सुकू द्या. पातळ ग्लू उडून जातो, मागे जेमतेम एखादी चकाकी राहते, रंगाखाली दिसतही नाही. डाग राहिलाच तर दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलका फिरवा.

रोबोवाला

+१. नवे लोक मॉडेलं बिघडवतात ती ग्लू सांडून कमी आणि पुसून जास्त.

चष्मिश

नेलपॉलिश रिमूव्हरमध्येही ॲसिटोन असतं ना? मग तेच वापरलं तर?

द्रावक

नको. वर आकडे दिलेत ते बघा. नुसतं ॲसिटोन सांध्यात मुरायच्या आत उडून जातं आणि जाता जाता पृष्ठभाग खडबडीत, पांढरट करून जातं. शिवाय रिमूव्हरमध्ये पाणी, सुगंध, तेलकट द्रव्यं असतात, ती कडांवर बसली की सांधा धरत नाही. सुपरग्लूने चिकटलेली बोटं सोडवायला मात्र ते उपयोगी पडतं.

पिवळी_पणती

मध्येच बोलते. वासाचं काय? माझ्या खोलीला एकच लहान खिडकी आहे. अर्ध्या तासात डोकं धरतं. साधा मास्क लावून बसले तर चालेल ना?

द्रावक

पणतीताई, साधा कापडी किंवा धुळीचा मास्क यात काडीचाही उपयोगाचा नाही. तो कण अडवतो, बाष्प आरपार जातं. सक्रिय कोळशाचं, सेंद्रिय बाष्पासाठीचं फिल्टर असलेला मास्क लागतो. त्याआधी खिडकी उघडी आणि पंखा असा ठेवा की हवा तुमच्याकडून खिडकीबाहेर जाईल. पंखा तोंडावर घेतलात तर वास खोलीतच फिरत राहतो. डोकं धरलं म्हणजे उठायची वेळ होऊन गेली.

बाटली दर वेळी बंद करा, दोन टेकवण्यांच्या मध्येसुद्धा. वास कमी होतो आणि ग्लूही टिकतो. आणि ही वाफ पेट घेते. ब्युटाइल ॲसिटेटची पेट घेण्याइतकी वाफ २२ अंशांच्या आसपासच तयार होते, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाला. ॲसिटोनची तर शून्याच्या बऱ्याच खाली. जवळ उदबत्ती, सिगारेट, मेणबत्ती काही नको. तुमचं नाव पणती आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

वासाचा फारच त्रास होत असेल तर लिमोनीनवाले ग्लू मिळतात, संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. ते सावकाश सुकतात. वास सुसह्य असला तरी खिडकी बंद करू नका.

पिवळी_पणती

हाहा, नाव बदलावं लागेल. पंखा उलटा ठेवत होते, आज फिरवते.

मृण्मयी_२८

आगीवरून आठवलं, सुईवाल्या बाटलीची सुई तुंबते. हमखास. बरेच जण सांगतात की सुई लायटरवर धरा, आतला ग्लू जळून जातो. जातो, पण सुई बाटलीवरून पूर्ण काढून, बाटली बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवून, चिमट्यात धरून मगच. मला तो प्रकार आवडत नाही. गिटारची सगळ्यात बारीक तार किंवा तितकीच बारीक पोलादी तार सुईत सारून ठेवते. काम संपलं की बाटली उभी धरून हलकेच दाबून सोडायची, म्हणजे हवेबरोबर ग्लू सुईतून मागे जातो, आणि मग तार आत. तुंबत नाही.

जुनी_कानस

अवांतर: १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने 'गोल्डन हाइंड' जहाजाचं किट काढलं तेव्हा त्यांनी पॉलिस्टायरीन घेतलं. त्याआधी त्यांचं काम सेल्युलोज ॲसिटेटमध्ये चालायचं, ते वेळ जाता वाकायचं. पॉलिस्टायरीन आकार धरून राहतं आणि साध्या द्रावकाने जुळतं. आपण इथे ज्यावर भांडतोय त्याची सुरुवात तिथली.

जुन्या काळी नळीतला जाड ग्लू असायचा. नळी उचलली की ग्लूची तार सुटायची, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती नेमकी काचेवर पडायची. आताच्या पोरांना सुई आणि ब्रश मिळतोय, तरी कुरकुर.

नवखा_सुतार

कानसकाका, कुरकुर नाही, कृतज्ञता!

प्रगती सांगतो. सांगाडा तुमच्या पद्धतीने दोन-तीन सेंटिमीटर करत जोडला, वरंबी छान आली. संध्याकाळी जोडला, दुसऱ्या दिवशी दुपारी घासला, अगदी गुळगुळीत. प्राइमर (रंगाआधीचा थर) मारला, रेघ शून्य. चार-पाच दिवसांनी बघतो तर पाठीवर बारीक खाचेसारखी रेघ परत आलीय. नखाला लागत नाही, उजेडात तिरकं धरलं की दिसते. हे काय?

रोबोवाला

भुताची रेघ! सगळ्यांना भेटते.

द्रावक

ग्लू आत होता. तुम्ही घासलंत तेव्हा वरचा थर वाळला होता, आतल्या प्लॅस्टिकमध्ये अजून द्रावक होता आणि त्यामुळे तिथलं प्लॅस्टिक किंचित फुगलेलं होतं. तुम्ही फुगलेलं असताना सपाट केलंत. पुढच्या दिवसांत उरलेला द्रावक निघून गेला, प्लॅस्टिक आकसलं, रेघ खाली बसली. वरून प्राइमर मारल्यामुळे निघायची वाट अजून अरुंद झाली, म्हणून ते उशिरा दिसलं.

आता सुकलंय. परत हलकं घासा, लागलं तर बारीक लांबीचा हात द्या, परत प्राइमर.

जुनी_कानस

म्हणून मी चोवीस तासांच्या मताचा नाही. चोवीस तासांत भाग हाताळता येतो. जो सांधा घासून दिसेनासा करायचाय त्याला तीन दिवस, जाड ग्लू असेल तर आठवडा. तोवर पंख, चाकं, वैमानिक, करायला पुष्कळ असतं.

एकपंखी

मी म्हणूनच सांधा सुपरग्लूने भरतो. मिनिटात घट्ट, आकसत नाही, लगेच घासता येतो. जोडायला प्लॅस्टिक ग्लू, रेघ भरायला सुपरग्लू. गंमत नाही, खरंच सांगतोय.

द्रावक

एकपंखींचं बरोबर आहे. एकच अट: त्याच दिवशी घासा. सुपरग्लू दिवसेंदिवस प्लॅस्टिकपेक्षा कडक होत जातो. मग घासताना आजूबाजूचं प्लॅस्टिक जातं आणि ग्लूची रेघ उंचवट्यासारखी उभी राहते. खाण्याचा सोडा भुरभुरला तर तो क्षणात घट्ट होतो, मोठ्या फटीला चालतं, पण वाफ येते, नाक लांब ठेवा.

जुनी_कानस

मला नाही पटत. ज्या जागी पुढे पॅनेलच्या (विमानाच्या पत्र्यांच्या जोडाच्या) रेघा कोरायच्या असतात तिथे सुपरग्लूवर सुई घसरते, प्लॅस्टिकवर वेगळी चालते, रेघ वाकडी होते. तिथे स्प्रूची, म्हणजे किटच्या फ्रेमच्याच प्लॅस्टिकची लांबी बरी. एक्स्ट्रा थिनची बाटली तळाला आली की त्याच किटच्या फ्रेमचे बारीक तुकडे कापून तिच्यात टाकायचे, रात्रभर ठेवायचं, ब्रशने उचलता येईल इतपत घट्ट झालं की वापरायचं. वाळल्यावर ते किटचंच प्लॅस्टिक असतं. कोरता येतं, घासता येतं.

रोबोवाला

काका, पण ती आकसते किती! आणि वाळायला किती दिवस. पातळ पंखाच्या कडेला लावली होती, कडाच लाटेसारखी झाली.

जुनी_कानस

कडेला लावायची नसतेच. थोडी थोडी, थर देऊन.

एकपंखी

या मुद्द्यावर हे दोघे आणखी दोन पानं भांडणार. सुतारभाऊ, तुम्ही तोवर चाकं जोडून घ्या.

नवखा_सुतार

चाकं झाली. आता कॉकपिटची काच राहिलीय. आणि त्या सैनिकाचा सुटलेला हात. काच एक्स्ट्रा थिनने लावू का? तीही पॉलिस्टायरीनच असणार.

जुनी_कानस

असते पॉलिस्टायरीनच, म्हणूनच भीती. पातळ ग्लू कडेवरून ओढला जाऊन काचेच्या आत शिरला तर काच कायमची ढगाळ होते. सुपरग्लूही नको, त्याची वाफ काचेच्या आतून पांढरी बसते. बंद कॉकपिटमध्ये ती बाहेर जाणार कुठे?

पांढरा पीव्हीए ग्लू (फेव्हिकॉलसारखा) घ्या. काडीच्या टोकाने चौकटीवर बारीक रेघ, काच ठेवा, बाहेर आलेला ग्लू ओल्या ब्रशने पुसा. वाळल्यावर पारदर्शक होतो. सांधा फार बळकट नसतो, पण काचेला कोण ओढणार आहे.

द्रावक

गंमत बघा. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांच्या गटाला बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक हवं होतं. सायनोॲक्रिलेट तेव्हा समोर आलं आणि सगळ्याला चिकटतं म्हणून बाजूला टाकलं गेलं. ग्लू म्हणून ते १९५८ मध्ये विकायला आलं. काचेसाठी शोधायला गेलेली वस्तू, आणि आपण ती काचेपासूनच लांब ठेवतो.

मृण्मयी_२८

सुटलेल्या हाताचं माझ्याकडे. खांद्यावर आणि हातावर सुपरग्लूचा कडक थर असेल, तो पात्याच्या पाठीने पूर्ण खरवडा. राखाडी प्लॅस्टिक उघडं दिसलं पाहिजे. तुम्ही रंगवायलाही सुरुवात केली होती, म्हणजे खाचेत प्राइमर आणि रंगही असणार. तोही काढा. प्लॅस्टिक ग्लूला प्लॅस्टिक भेटायला हवं, मध्ये रंग असला तर तो रंगालाच चिकटतो आणि रंगासकट सुटतो.

संचातले इतर सैनिकही सुपरग्लूने जोडले असतील आणि सोडवायचे असतील तर काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीत तो सांधा आणखी ठिसूळ होतो, हलक्या पिळ्याने सुटतो. प्लॅस्टिक ग्लूने जोडलेलं मात्र असं सुटत नाही, तिथे करवतच.

पुढच्या सैनिकांना ढाल छातीसमोर असेल तर ती आत्ता चिकटवू नका. ढाल वेगळी रंगवा, छाती वेगळी रंगवा. रंगवण्याआधी जिथे ग्लू लागणार तिथे मास्किंग टेपचा बारीक तुकडा किंवा निळ्या पुट्टीची (भिंतीवर पोस्टर चिकटवायची असते ती) गोळी दाबून ठेवा, म्हणजे ती जागा कोरी राहते.

नवखा_सुतार

काच पीव्हीएने लावली, वाळतेय. हात खरवडून प्लॅस्टिक ग्लूने बसवला, पण तो खाली झुकतोय. बंदुकीचं वजन. किती वेळ धरून बसू?

मृण्मयी_२८

धरून बसू नका. सैनिकाला आडवा करा, हात वरच्या बाजूला येईल असा. बंदुकीखाली पुट्टीची गोळी किंवा फ्रेमचा तुकडा टेकू म्हणून द्या. मात्र टेकू सांध्याला लागता कामा नये, नाहीतर तोही चिकटेल. तासाभराने बघा. कोन बिघडला असेल तर तेव्हाही थोडा वळतो.

चष्मिश

आणि ती एक्स्ट्रा थिनची बाटली जड पुठ्ठ्याच्या किंवा फोमच्या खाचेत बसवून ठेवा. ४० मिलीची बाटली लवंडली की टेबल, मॉडेल आणि चटई तिन्ही एक होतात. आमच्याकडच्या टेबलावर त्याचा नकाशा आहे.

नवखा_सुतार

टेकू दिला, हात राहिला. फोमची खाच कापतोय. पुढचे पाच सैनिक फ्रेममध्येच आहेत, त्यांच्या ढाली वेगळ्याच ठेवतो. स्प्रूच्या लांबीचं तुमचं भांडण संपलं की इथेच सांगा, बाटली तळाला यायला अजून बराच वेळ आहे.

जुनी_कानस

भांडण नाही ते. रोबोवाल्यांनी एकदा थर देऊन करून बघावं, फोटो टाकावा.

रोबोवाला

टाकतो. वाळायला आठवडा धरा.